मलप्पाचं खालीवर होणारं सीट

उदगीरच्या अडत बाजारात मलप्पा हमालीच्या हिशेबाला उभा राहिला की पोत्यांमागून त्याची फक्त टोपी दिसायची. दुष्काळाच्या त्या वर्षी उदगीरचा जिल्हा होणार अशी पुन्हा हवा उठली, तेव्हा तो म्हणाला, "होऊ द्या की. कलेक्टर आला म्हंजे तोबी कॅन घेऊन रांगेत लागंल."

त्याची अडचण मात्र स्वतःच्या आखूड टांगेची होती. भाच्याच्या गिअरच्या सायकलीला दोन्हीकडून कॅन बांधून तो लांबच्या विहिरीवरून पाणी आणायचा, आणि दारात थांबताना पाय जमिनीला पुरेना म्हणून सायकलीसकट आडवा व्हायचा. सीट खाली घेतलं तर चढावर गुडघे छातीला लागत. पाणी सांडलं की पुन्हा विहीर. आत त्याची ऐंशी वर्षांची आई पार्वतम्मा तळहातावर इष्टलिंग घेऊन बसलेली. त्या आणलेल्या पाण्यानं लिंगाची पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नसे. अकरापर्यंत आई कोरडी बसते याची मलप्पाला फार लाज वाटायची.

बसल्या बसल्या सीट खालीवर करता येईल असा पाइप शोधायला, सीटखालचा जुना पाइप पिशवीत घालून त्यानं नांदेड गाठलं. दुकानदार व्यंकटनं तीन पाइप मांडले. पहिल्याला सीट सैल करायची खिटी होती.

"ही ढिली कराया उतरावं लागतंय. उतरता आलं असतं तर हितं कशाला आलो असतो?"

दुसऱ्याचा खटका सीटखाली.

"भरल्या गल्लीत बुडाखाली हात घालू व्हय?"

तिसऱ्याचा खटका हँडलला. दाबून बसलं की सीट खाली, दाबून उठलं की वर. मलप्पानं पोती शिवायच्या सुतळीवर आपल्या टांगेच्या मापाची गाठ मारून आणली होती. सीट गाठीपर्यंत उतरतं हे त्यानं पाहिलं, जुन्या पाइपाशी जाडी ताडली आणि तोच घेतला.

"चकचकीत भागाला धूळ लागू देऊ नका," व्यंकटनं बजावलं.

घरी पार्वतम्मानं नव्या वस्तूची पूजा केली. खोबरेल चोपडून त्याच चकचकीत भागावर भस्माचे तीन पट्टे ओढले. मलप्पानं पाइप तसाच सायकलीला बसवला. भस्माला धूळ कोण म्हणेल?

दुसऱ्या दिवशी भरले कॅन घेऊन तो गल्लीत शिरला, खटका दाबला आणि सगळा भार टाकून बसला. सीट ढिम्म. थांबावं तर पाणी जातंय, म्हणून तो गल्लीत फेऱ्या मारू लागला. पाचव्या फेरीला बायको महानंदा दारात आली, सातव्याला पार्वतम्मा.

"अव्वा, सीट अडकलं. भस्म गेलं आत."

"मग ओट्याला पाय लाव की, येड्या."

तीस वर्षं मलप्पा त्याच ओट्यावर बसून चहा पीत होता. त्यानं सायकल कडेला घेतली, पाय टेकला. एक थेंब सांडला नाही.

महानंदानं कॅन सोडले. पूजा उरकून पार्वतम्मा तांब्या घेऊन बाहेर आली, तेव्हा आठही वाजले नव्हते. मलप्पा अजून सीट हिसडत होता.

"एवढ्यासाठी नांदेडला गेलतास?" ती म्हणाली, आणि तिथंच उभ्यानं सगळा तांब्या प्यायली.