पळसबोडीला न गेलेला फोन

रश्मी उंदीरवाडे पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्या साहेबाला तिचं आडनाव वाचताना हसू आवरेना. तिनं ते हसू पाहिलं, प्रश्नांची उत्तरं दिली, नोकरी मिळवली, काही वर्षं केली आणि एक दिवस सोडून चंद्रपूरला परत आली. लोकांना वाटलं, पोरीला पुणं मानवलं नाही. चांगलं मानवलं होतं. पण सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या खैरटोल्यात तिचे आईवडील होते, आणि चंद्रपुरातल्या एका लहानशा वेबसाइट कंपनीला असं एक काम मिळालं होतं की त्यापायी तिनं निम्म्या पगारावर पाणी सोडलं.

काम वाघाचं होतं. वनरक्षकाला वाघ किंवा त्याच्या पायाचे ताजे ठसे दिसले की त्यानं मोबाइलवर नोंद करायची. मग वेबसाइट त्या गावातल्या नोंदवलेल्या फोनांवर घंटी वाजवून सांगणार, अमक्या बाजूला जनावर आहे, जाऊ नका. लिहून नाही, बोलून. कारण जंगलात जाणाऱ्या बायांपैकी कितीतरी जणींना वाचता येत नाही. हे बोलून सांगणं रश्मीनंच सुचवलं. आपल्या आईसाठी, कमलाबाईंसाठी सुचवलं, असं ती कुणाला म्हणाली नाही. पण ऑफिसात कुणी एवढं दूधखुळं नव्हतं.

आता हे आतून कसं चालायचं ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा त्रास तिथूनच निघाला. प्रोग्राममध्ये 'गाव' नावाचा एक क्लास होता. क्लास म्हणजे साचा. त्या साच्यातून हवी तेवढी गावं काढायची. साच्यात 'कळव' नावाची एक मेथड होती, म्हणजे गावानं करायचं एक काम. 'कळव' म्हटलं की ती आधी वेळ बघायची. रात्र असेल तर सकाळ होईपर्यंत गप्प बसायची, उगाच लोकांची झोपमोड नको. मग फोन लावायची. आणि सगळ्यात शेवटी शेजारच्या गावालाही तीच खबर द्यायची, कारण वाघ काही ग्रामपंचायतीची हद्द विचारून फिरत नाही.

वर्षभर हे ठीक होतं. मार्चमध्ये मोहफुलं गळायला लागली आणि गडबड झाली. मोह वेचायला बाया उजाडायच्या आधीच घर सोडतात. उशीर केला तर फुलं ढोरं नाहीतर हरणं खाऊन जातात. सकाळी येणारा इशारा त्यांच्या काय कामाचा? रश्मीनं 'गाव' या क्लासमधून मोह वेचणाऱ्या गावांसाठी 'मोहगाव' असा दुसरा क्लास काढला. मुलीला आईचे नाकडोळे आपोआप मिळतात तसं या क्लासला मूळचं सगळं आपोआप मिळालं. फक्त 'कळव' तिनं नव्यानं लिहिली. याला ओव्हरराइड करणं म्हणतात. नवी मेथड लिहिली की जुनी चालत नाही. जुनीही चालायला हवी असेल तर नवीच्या आतून तिला मुद्दाम बोलवावं लागतं. रश्मीनं बोलावलं नाही. जुनीला बोलावलं असतं तर ती पुन्हा सकाळची वाट बघत बसली असती, आणि नेमकं तेच तर टाळायचं होतं. तिनं लिहिलं, वेळ बघू नको, फोन लाव.

पहिल्याच पहाटे खैरटोल्यात फोन वाजला. कमलाबाईंनी मागाहून तिला फोन केला. "तुया वाघ बोलला वो, रश्मी. आमी घरीच बसलो." रश्मीला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिनं ऑफिसात सगळ्यांना समोसे खाऊ घातले. तिचं सगळं लक्ष जुन्या मेथडच्या पहिल्या ओळीवर होतं. शेवटची ओळ, शेजारच्या गावाची, तिच्यासोबतच गेली हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

खैरटोला आणि पळसबोडी यांच्यामध्ये एक बोडी आहे, म्हणजे लहान तळं. बोडीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडं. अलीकडची कमलाबाईंची, पलीकडची वच्छलाबाईंची. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन आल्या होत्या. एक बौद्धांच्या घरात, दुसरी कुणब्यांच्या. पहिली कितीतरी वर्षं एकमेकींच्या घरात त्या पाणीही प्यायल्या नसतील, पण मोहाखाली दोघींचं गाठोडं एकच असायचं. भाकर कुणाची, चटणी कुणाची, ते कुणी बघत नव्हतं.

मोहाचा बहर संपता संपता एका पहाटे खैरटोल्यात फोन वाजला. कमलाबाई घरात राहिल्या. पळसबोडीत फोन वाजला नाही. वच्छलाबाई सुनेला, रंजीताला, घेऊन निघाल्या. वाकून फुलं वेचत असताना वाघानं मागून झडप घातली. रंजीतानं हातातली टोपली फेकली, किंचाळत दगड मारले, म्हणून त्यानं सोडलं. वच्छलाबाई वाचल्या. उजवा खांदा मात्र त्यानं पार फाडला होता.

चहाच्या टपरीवर मुखरूभाऊंनी, म्हणजे वच्छलाबाईंच्या नवऱ्यानं, रश्मीच्या वडलांना सगळ्यांदेखत विचारलं, "हरिदासभाऊ, तुया पोरीनं आपल्याच गावाले फोन लावला. आमी काऊन मरावं?"

हरिदासभाऊ अर्धा चहा तिथंच ठेवून घरी आले. त्यांचे वडील एके काळी डफ वाजवून दोन्ही गावांना खबर देत. ते काम जातीनं गळ्यात बांधलेलं. छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, डफ फोडून चुलीत घातला आणि पुन्हा कुणाच्या हुकमानं दवंडी दिली नाही. पण पूर आला, पटकी आली, की ते स्वतःहून दोन्ही गावं फिरत. हुकमानं नाही, आपल्या मनानं. हरिदासभाऊंना त्या गोष्टीचा फार अभिमान होता. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. रश्मीला फोनवर एवढंच म्हणाले, "लोक म्हनतेत तू जानून केलं. तू जानून नाई केलं, हे मले मालूम हाय. पन मी कोनाकोनाले सांगू?"

रश्मीनं त्याच रात्री प्रोग्राम उघडला. चूक शोधावी लागली नाही, ती समोरच होती. कंपनीचे मालक म्हणाले, दुरुस्त कर आणि गप्प राहा, कुणी विचारलं तर सर्व्हरचा प्रॉब्लेम होता म्हणून सांगू. तिनं दुरुस्त केलं. वेळ बघण्याचं काम जुन्या मेथडमधून काढून त्याची वेगळी छोटी मेथड केली, आणि 'मोहगाव'मध्ये तेवढीच ओव्हरराइड केली. 'कळव'ला हातच लावला नाही; ती आता मूळचीच चालणार, शेजाऱ्यासकट. आधीच असं करायला हवं होतं, हे कॉलेजातलं पोरगंही सांगेल. सगळ्याला चहा निवेल एवढाही वेळ लागला नाही, आणि त्याचीच तिला जास्त चीड आली.

गप्प राहणं मात्र तिला जमलं नाही. ती दवाखान्यात वच्छलाबाईंकडे गेली. खांद्यापासून बोटांपर्यंत पट्ट्या. पायाशी मुखरूभाऊ बसले होते, ते तिला पाहून उठून बाहेर गेले. रश्मीनं जमेल तसं सांगितलं. मावशी, जुन्या कामात तुमचं गाव होतं, मी नवीन लिहिताना जुन्याला बोलावलंच नाही, त्यात तुमचं गाव सुटलं, चूक माझी आहे.

"तुयी चूक झाली, समजलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "मानसाची होते. पन तुया आईले तं फोन आला होता ना?"

"आला होता."

"तुया फोन नवता तवा कसं होतं? कोनाले जनावराचं काई समजलं, का कमला गावाच्या कडंला येऊन मले हाक देये. मी बी तिले देत होती. इतके वर्सं. मंग त्या दिवशी तिनं मले हाक काऊन नाई देल्ली?"

रश्मी तशीच बस पकडून खैरटोल्याला गेली आणि आईला विचारलं. कमलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "मले वाटलं, तिलेई आला असन."

तेव्हा रश्मी रडली. ओळ सुटली ती दुरुस्त झाली होती. पण फोन वाजायला लागल्यापासून दोन्ही गावांत कुणीच कुणाला हाक मारत नव्हतं, आणि हे तिच्या कुठल्याच तपासणीत दिसलं नव्हतं. इतक्या वर्षांची हाक तिच्या फोननं बंद पाडली होती. ती कोणत्या क्लासमध्ये जाऊन दुरुस्त करायची?

कमलाबाई दवाखान्यात जाऊन आल्या. वच्छलाबाई त्यांच्याशी पावसापाण्याचं, रंजीताला दिवस गेले होते त्याचं बोलल्या. हाकेचं काढलं नाही. पुढे त्या घरी आल्या, पण हात वर उचलेना, आणि बोडीच्या पारीवर त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

यंदा मोह गळायला लागला तेव्हा रश्मी रजा काढून घरी आली होती. एका पहाटे अंधारात फोन वाजला. बोडीच्या बाजूला जनावर आहे, जाऊ नका. रश्मीनं लॅपटॉप उघडला. पळसबोडीतले सगळे फोन लागले होते, रंजीतानं तर पहिल्याच घंटीला उचलला होता.

"आई, तिकडे गेला फोन. मी पाहिलं."

"गेलाच असन," कमलाबाई म्हणाल्या आणि टॉर्च घेऊन उठल्या. हरिदासभाऊंनी जुना डबा आणि काठी घेतली. तिघं गावाच्या शेवटच्या घरापर्यंत गेले. हरिदासभाऊ डबा वाजवत राहिले. बोडीच्या पलीकडचं पहिलंच घर वच्छलाबाईंचं.

"वच्छला," कमलाबाईंनी हाक दिली, "जाऊ नको वो. जनावर हाय."

पलीकडे काही हललं नाही. मग रंजीताचा आवाज आला, "आयकलं, कमलाबाई. कोनी नाई जात."

रश्मी म्हणाली, चल आई, ऐकलं त्यांनी. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. कमलाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या घरात वच्छलाबाई जाग्या आहेत हे त्यांना माहीत होतं. उजाडून बोडीचं पाणी दिसायला लागेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.