चर्चमागची तिरपी कबर

अब्बांना आम्ही गावाला नेलं नाही.

काल असरच्या नमाजनंतर इथेच, बहरीनमध्ये, त्यांना मातीत ठेवलं.

तेव्हापासून रत्नागिरीचे फोन थांबत नाहीयेत. "अगो, बापाला परमुलखात टाकलंत? बॉडी पाठवायला काय झालं होतं?"

प्रत्येकाला फोनवर सांगायची ताकद नाही. म्हणून इथे लिहिते. एकदा वाचा, आणि मग आम्हाला रडू द्या.

अब्बांना ओळखणारे म्हणतील, हाच माणूस दर लीव्ह संपताना गावच्या दारात उभा राहून बजावायचा, "तिकडं मेलो तर मला हितं आना. तिकडं ठेवू नका."

ती भीती कुठून आली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

अब्बांचे दादा, म्हणजे माझे पणजोबा, इंग्रजांच्या बोटीवर आगवाले होते. बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बोट खडकावर फुटली. घरी खबर आली ती एवढीच.

माणूस नाही, कबर नाही.

त्यांची बायको, अब्बांची दादी, इद्दतीला बसली नाही. नवऱ्यामागे बाईने घरात बसून पाळायचा दुखवटा, तो तिने पाळलाच नाही. म्हणायची, "आधी कबर दाखवा, मंग बसतंय."

कोण दाखवणार? ती तशीच गेली. अब्बा लहानपणी तिच्याच कुशीत झोपायचे. कबर शोधायचं त्यांनी तिथेच मनावर घेतलं, आणि आमच्या अब्बांनी एकदा मनावर घेतलं की खलास!

मीना सलमान बंदरातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये भेटेल त्या गोऱ्या माणसाला ते त्या बोटीचं नाव सांगायचे. अम्मा कावायची, "विलायत म्हंजे काय आपला मोहल्ला हाय? कुनालाही विचारला की घर दाखवतील?"

पण दाखवलं. एक जुने फोरमन रिटायर होऊन इंग्लंडला गेले आणि त्यांनी मार्गारेटला गाठून दिलं.

मार्गारेट रिटायर्ड टीचर. समुद्रकाठच्या एका छोट्या खेड्यात एकटी राहते. त्या गावात कोण जन्मलं, कुणाचं कुणाशी लग्न लागलं, कोण कुठे पुरलं, हे खणून काढायचं तिला वेड. अब्बा तिला मार्गारेटबाय म्हणायचे. रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल, मध्ये मी ट्रान्सलेटर.

एका रविवारी ती म्हणाली, "त्या बोटीचे चौघे भारतीय खलाशी आमच्या चर्चमागे आहेत. एकाच कबरीत. दगडावर बोटीचं नाव आहे, माणसांची नाहीत."

अब्बा खुर्चीतून उठलेच.

मग ती जरा अडखळली. "एक सांगायला लाज वाटते. आमच्याकडच्या सगळ्या कबरी पूर्व-पश्चिम, एका ओळीत. ही एकच तिरपी आहे. ती माझ्या आजोबांनी खणली. त्या दिवशी ते पिऊन आले होते, असं गाव म्हणतं. शाळेत पोरं मला त्यावरून चिडवायची. आय ॲम सो सॉरी."

तिने चर्चच्या आवाराचा नकाशा पाठवला. अम्मा सोडे निवडता निवडता मागून डोकावली.

"ह्यात मक्का कुठल्या बाजूला?"

अब्बांनी स्क्रीनवर बोट ओढून दाखवलं.

अम्माने मान वाकडी करून पाहिलं. "मंग ही एकच कबर सरल हाय. बाकी सगल्या तिरप्या."

अब्बांनी नकाशा मोठा करून परत पाहिला.

आमच्यात मयताचं तोंड मक्केकडे करतात. कबर त्याच हिशेबाने खणतात. हे त्या खेड्यातल्या माणसाला कोण सांगणार? बोटीवरून वाचलेलं आपलंच कुणीतरी. भाषा येत नसणार. हातवारे करून सांगितलं असेल, हात जोडले असतील.

आणि त्या माणसाने ऐकलं. साऱ्या गावाची ओळ मोडून कुदळ फिरवली, आणि जन्मभर दारुडा म्हणवून घेतलं.

चौघांतले एक पणजोबाच होते का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण अब्बांना ती एक कबर पुरे होती. त्यांनी परत कॉल लावला. मला मध्ये बोलूच दिलं नाही.

"मॅडम, युवर ग्रँडफादर नो ड्रंक. हंड्रेड परसेंट नो ड्रंक. ही डिग करेक्ट!"

तिकडे मार्गारेट रडायला लागली. इकडे अब्बा. अम्मा दोघांवर चिडली, "अरे, आज मेलाय काय कोन?"

तिथे जाऊन फातिहा पढायची, एवढंच अब्बांचं राहिलं होतं. व्हिसाचे पेपर झाले आणि छातीचं दुखणं निघालं. म्हणायचे, "इंशाल्ला, थंडी सरू दे."

थंडी सरली. अब्बांना उठवेना.

गेल्या आठवड्यात त्यांनी भाईला आणि मला जवळ बोलावलं. "मला हितंच ठेवा."

भाई म्हणाला, "अब्बा, तुम्हीच तर म्हणायचात, गावाला न्या."

"ते दादाची कबर गावायच्या आधी. आता भ्या नाय वाटत. खणणारा बरा असला की झाला."

म्हणून नेलं नाही. कळलं?

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. काल मी आणि अम्मा बुसैतीनच्या फ्लॅटमध्येच होतो. भाई परत आला तेव्हा नखांत माती होती. बसायच्या आधीच म्हणाला, "खणणारा बंगाली होता. नाव विचारून आलो. शफीक."

अम्माने ते नाव दोनदा पुटपुटलं. मग आत जाऊन इद्दतीला बसली.

दादीला आयुष्यभर बसता आलं नाही.

आज सकाळी मार्गारेटचा मेसेज आला. तिला गुडघ्यांमुळे चालवत नाही.

"काठी घेऊन चर्चमागे जाऊन आले. तुझ्या पणजोबांना सांगितलं, नातू गेला. मग माझ्या आजोबांनाही सांगितलं. ते तिथेच, पलीकडच्या ओळीत आहेत. तुझ्या वडिलांची कबर नीट खणलीय ना?"

तिला उत्तर दिलं. आता तुम्हालाही सांगते, अब्बा.

कबर सरल हाय. भाईने बघितली.

झोपा. खुदा हाफिज.