आधी मेन बंद

ये, अशी जवळ बस. तो लॅपटॉप मिट आधी. इंजिनीअर झालीस म्हणून मावशीला "ते आपोआप सेव्ह होतं गं" असं उडवून लावायचं? मीपण एकदा असंच म्हणाले होते, तुर्भ्याच्या कंपनीत, साहेबांसमोर, अगदी ठसक्यात. चार महिन्यांनी एका माणसाचे डोळे गेले.

नव्वदीतली गोष्ट. मी काही शिकलेली इंजिनीअर नाही. दहावी करून सोल्डरिंगच्या लाईनवर लागले. बाकीचं रेडिओ दुरुस्तीच्या जुन्या पुस्तकांतून आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलेल्या डेटाशीटमधून. हळूहळू साहेबांनी मला डिझाइनवर घेतलं. आमचं आर अँड डी म्हणजे एक टेबल, एक ऑसिलोस्कोप आणि मी.

आम्ही अमोनियाचे अलार्म बनवायचो. कोल्ड स्टोरेज अमोनियावर थंड होतं. तो गळला की डोळे, घसा सगळं जाळतो. म्हणून गॅसची थोडी मात्रा वाढली की भोंगा वाजला पाहिजे. पण प्रत्येक सेन्सर वेगळा, कोणी तिखट, कोणी मंद. म्हणून प्रत्येक बोर्डावर एक प्रीसेट असायचा, म्हणजे वाटाण्याएवढा रेझिस्टर. त्याचा स्क्रू फिरवला की रेझिस्टन्स कमीजास्त होतो. मोजून गॅस सोडायचा, बरोबर जागी भोंगा वाजेपर्यंत स्क्रू फिरवायचा आणि मग तो हलू नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब. लाईनवर लाल बाटली कायम असायची.

तरी स्क्रू हलायचे. कॉम्प्रेसरच्या हादऱ्यांनी, दमट हवेने. तक्रारी थांबेनात. मग मला कॅटलॉगमध्ये एक चिप सापडली. काम प्रीसेटचंच, पण आत शंभर पायऱ्या. स्क्रू नाही, जिग म्हणजे सेटिंगचा एक डबा कनेक्टरने बोर्डाला जोडायचा आणि त्यातून सिग्नल देऊन पायरी वरखाली करायची. आणि एकदा पायरी सेव्ह झाली की लाईट गेली तरी ती लक्षात ठेवते.

साहेब म्हणाले, "सेव्हचं बटण दाबायला पोरी विसरतील हो."

"बटणच नाही ठेवलं, साहेब. सेटिंगच्या जिगचा कनेक्टर काढला की आपोआप सेव्ह होतं."

मी माझ्या टेबलावर पन्नास वेळा करून बघितलं होतं. पन्नासही वेळा झालं.

मग एके दिवशी फोन आला. आमचा नवा अलार्म लावलेल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये जनार्दन नावाचा ऑपरेटर होता, जवळच्याच गावातला. वॉल्व्ह गळला, भोंगा वाजला नाही, तो नेहमीसारखा आत गेला. गॅस सरळ तोंडावर. मालकाने सांगून टाकलं, भोंग्याचा त्रास होतो म्हणून यानेच स्विच बंद ठेवला असणार. पोलिसांतही तसंच लिहून दिलं. आमच्या साहेबांना ते ऐकून बरंच वाटलं.

त्याची बायको आमच्या गेटवर येऊन उभी राहिली.

"ताई, तो भोंगा वाजलाच नाय. वाजला असता तर हे आत कशाला गेले असते? आता डोळे बी गेले नि गुन्हेगार बी हेच?"

मी तो अलार्म मागवून घेतला. टेबलावर ठेवून गॅस सोडला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी भोंगा गप्प. मल्टिमीटर लावून पायरी मोजली. चिप नवी कोरी येते तेव्हा असते तिथेच, मधोमध. आणि हा सेन्सर मंद, त्याला ती पायरी पुरत नव्हती. स्टोअरमधले तयार अलार्म काढले, तर तेही मधोमध.

तशीच उठले आणि लाईनवर शैलाच्या मागे जाऊन उभी राहिले. सेटिंग तीच करायची. तिने गॅस सोडला, पायरी लावली, बरोबर जागी भोंगा वाजला, कार्डावर टिक केलं. मग मेन स्विच बंद केला. आणि मग कनेक्टर काढला.

"शैला, आधी मेन का बंद केलास?"

"म्हणजे काय, ताई? तुम्हीच शिकवलंत ना! पहिल्या दिवशी चालू बोर्डाला हात लावला तर फटका दिला होतात."

खरं होतं. आधी मेन बंद, मग वायरला हात. दहा वर्षं मीच घोकून घेतलं होतं. टेबलावर मात्र मी घाईत चालू बोर्डाचाच कनेक्टर ओढत होते. चिपला लिहायला करंट लागतो. शैलाने मेन बंद केला की लिहिणार कशाने? आणि बंद खोलीत गॅस झोंबतो, म्हणून दुसऱ्यांदा कोणी तपासत नव्हतं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"ताई, हे कागदावर नको. कंपनी बंद पडेल. तुमची शैलापण घरी बसेल."

"आणि तो माणूस, साहेब?"

"त्याचे डोळे येणारेत का परत?"

मी लिहून दिलं. मराठीत, माझ्या सहीने, बेलापूरला फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे. चूक डिझाइनची, डिझाइन माझं, शैलाने काही चुकवलं नाही. सगळे अलार्म परत मागवले गेले. वर्षाच्या आत लाईन बंद झाली. शैला निघाली तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने.

जनार्दनवरचा ठपका गेला. मी त्याच्या घरी सांगायला गेले. तो ओटीवर बसला होता. एका डोळ्याला नुसता उजेड कळायचा. सगळं ऐकून घेतलं त्याने, मग म्हणाला, "म्हंजे वाजलाच नव्हता ना? मला वाटायचा, वाजला असंल नि मलाच ऐकू नाय आला."



तेव्हा लक्षात ठेव. सेटिंग झालं की बंद करायचं, परत चालू करायचं आणि पुन्हा मोजायचं. आणि टेस्ट आपल्या हाताने नाही, जिचं रोजचं काम आहे तिच्या हाताने.

जा आता, तुझी बस चुकेल. पण लवकर ये गं परत. आणि तुमच्या लाईनवर सेटिंग करते ना, त्या पोरीला घेऊन ये बरोबर. मला तिच्याशी बोलायचंय.