भावजींनी शेगडीला सील ठोकलं

आमचे धाकटे भावजी वजनमाप खात्यात निरीक्षक होते. जन्मभर एकच काम केलं: दुकानात शिरायचं, तराजू उचलायचा, पारडी अदलाबदल करून बघायची आणि काटा खोटा निघाला की त्याला शिशाचं सील ठोकायचं. देवाच्या कृपेने सुखरूप निवृत्त झाले, पण ती निवृत्ती पगारापुरतीच. घरात साबणाची वडीसुद्धा त्यांनी तोलल्याशिवाय न्हाणीघरात जात नाही. माझी धाकटी जाऊ म्हणते, "मला बघायला आले तेव्हा ह्यांनी चेहरा बघितलाच नाही, अंदाजे किलो काढले." अंदाज बरोबर निघाला, हे तिचं खरं दुःख.

यंदा आमच्या इमारतीच्या गच्चीवर उन्हाने पाणी तापवणारं पॅनेल बसवायचं ठरलं. देणाऱ्या संस्थेची अट एकच. दर घराचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे वर्षभरात आपण किती कार्बन हवेत सोडतो ते, आधी मोजायचा आणि विश्वासू माणसाने खाली सही करायची. विश्वासू म्हटल्यावर सगळ्यांच्या माना आमच्या दाराकडे वळल्या. जाऊ तर हरखूनच गेली. दुखऱ्या गुडघ्यांनी शेगडीपासून न्हाणीघरापर्यंत उकळतं पातेलं नेताना ती रोज देवाचा धावा करते.

भावजींनी विजेची बिलं मागवली, स्कूटरच्या पेट्रोलचा हिशेब घेतला, आमचा गॅस सिलिंडर काट्यावर चढवला. मग संस्थेने दिलेला तक्ता उघडला आणि तिथेच अडले. एक किलो गॅस जाळला की तीन किलो कार्बन वायू, असं त्यात लिहिलं होतं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "वहिनी, एक किलो आत गेलं आणि तीन किलो बाहेर आलं?"

"असेल हो, भावजी. देवाची करणी."

"देव काटा मारत नाही. यावर मी सही करणार नाही."

वरच्या मजल्यावर रसायन शिकवणारे मास्तर राहतात. त्यांना बोलावलं. ते म्हणाले, "वरचे दोन किलो हवेतले. जळताना प्राणवायू त्यात मिसळतो."

"मग ते हवेच्या नावावर टाका! माझ्या भावाच्या डोक्यावर कशाला?"

"अहो, हवेला काय घर नंबर आहे?"

"नाही ना? मग तिचा जबाब कोण देणार?"

संशयित काटा वापरात ठेवायचा नाही, हा खात्याचा नियम. भावजींनी ट्रंकेतून तार आणि शिसं काढलं आणि चौकशी संपेपर्यंत आमच्या शेगडीला सील ठोकलं. संध्याकाळी आमचे हे फिरून आले, शेगडीकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा?"

"चौकशी चालू आहे," भावजी म्हणाले.

ह्यांनी निमूटपणे चपला परत पायात घातल्या आणि शेजारी गेले.

त्या दिवसापासून आम्ही शेजारणीच्या ओट्यावर स्वयंपाक करू लागलो. ती म्हणाली, "तुमच्या गॅसचा आकडा शून्य आणि माझा दुप्पट! तुमच्या दिरांना सांगा, माझीही शेगडी बंद करा. सगळी इमारत उपाशीपोटी स्वर्गात जाईल." इकडे जाऊ थंड पाण्याने अंघोळ करत होती. न्हाणीघरातून आवाज यायचा, "हवेचा न्याय होईपर्यंत मी जगेन का हो?"

भावजी हलले नाहीत. उलट त्यांची नजर देवापुढच्या दिव्यावर गेली. "वहिनी, हाही जळतोच की."

मी दिव्यासमोर जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, "याला सील लावलंत तर मी माझ्या तोंडाला लावीन. मग बसा दोघे भाऊ एकमेकांशी गप्पा मारत." भावजी दोन पावलं मागे सरले.

जाऊ म्हणाली, "ताई, मग तो दिवाच तोलू दे ना ह्यांना. पारडं दिसल्याशिवाय ह्यांना काही पटायचं नाही."

मास्तरांनी शाळेतून, जळून निघालेला वायू उडू न देता शोषून धरणारे पांढरे खडे आणले, काचेच्या चिमणीत भरले आणि चिमणी दिव्यावर बसवली. दिवा-चिमणी एका पारड्यात, वजनं दुसऱ्यात. तराजू भावजींचा स्वतःचा, पितळी. दांडी सरळ झाली. नाम घेत मी वात पेटवली.

तेल उतरत होतं, डोळ्यांना दिसत होतं. आणि तरी दिव्याचं पारडं हळूहळू खाली चाललं. माझे हात आपोआप जोडले गेले.

भावजींनी पंखा बंद करायला लावला. पारडी बदलली. तरी दिवाच जड. पारड्याखाली बोट फिरवलं, कारण लबाड दुकानदार तिथे मेण चिकटवतात. मेण नव्हतं. दांडीवर त्यांच्याच हातचा शिक्का होता.

"काढा आता स्वतःलाच नोटीस," जाऊ म्हणाली.

भावजींनी त्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "जळतं ते हलकं होतं, असं मी जन्मभर समजत होतो."

पक्कड घेऊन त्यांनी स्वतः सील तोडलं आणि एकेका घराच्या कागदावर सही करत गेले. शेवटी आमचा कागद आला. पेन थांबलं.

"वहिनी, या दिव्याचा आकडा कुणाच्या नावावर टाकू? देवाच्या नावावर टाकला तर आपला कमी दिसेल."

"नको," मी म्हटलं. "त्याने कुठे दिवा मागितलाय? लावते मी. घराच्याच नावावर टाका."

त्यांनी टाकला आणि सही केली. शाई वाळायच्या आत जाऊने कागद ओढले आणि संस्थेत द्यायला जिना उतरू लागली, इतक्या झपाट्याने की भावजी मागून ओरडले, "अगं, पोच तरी देऊन जा!"