कडक चाकाचा लायटर

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला आणि त्यांचा उजवा हात गेला. डाव्या हातातही फारसा जोर उरला नव्हता, तरी बिडी सुटली नाही. एका हाताने आगपेटीची काडी ओढता येईना, म्हणून त्यांनी मला मेहकरहून लायटर आणायला सांगितला.

बसस्टँडजवळच्या दुकानदाराने दोन लायटर पुढे ठेवले. एकाचं बटण नुसतं दाबलं की तो पेटायचा. दुसऱ्याचं चाक इतकं कडक होतं, की माझाच अंगठा सोलला. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत याच मामाजींनी माझ्या माहेरून आलेले लाडू पाहुण्यांदेखत कुत्र्यांपुढे टाकले होते. मी दोन्ही लायटर पुन्हा पेटवून पाहिले आणि कडक चाकाचा घेतला.

मामाजी सकाळभर त्या चाकाशी झटत राहिले. शेवटी म्हणाले, "काऊन वं, असा कडक आणला?"

"दुकानात हाच होता, मामाजी."

त्यांनी ते खरं मानलं. मग प्रत्येक बिडीला ते मला हाक मारू लागले. ऐकू येऊनही मी भांडी घासत राहायचे, आणि मला बरं वाटायचं. घरी कोणी आलं की मात्र ते लायटर दाखवायचे, "सुनेनं माह्यासाठी खास मेहकरातून आणला."

महिन्याभरात त्यांनी हाक मारणं सोडलं. न पेटवलेली बिडी ओठांत धरून ते ओट्यावर बसून राहायचे.

नवरा खुश झाला. "तुह्यामुळं बाबाची बिडी सुटली," म्हणाला.

मी नुसतं "हाव" म्हटलं आणि चहा ठेवला.