स्टोव्हची हवा आणि लॉक केलेली खिडकी

आधीच सांगते, भूतबित, करणी, अंगात येणं — मला यातलं काही म्हणजे काही पटत नाही. बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत मी. त्यात नागपूरची, तोंडाने फटकळ. कुणी असलं काही सांगायला लागलं की "आधी बीपी तपासून घ्या" म्हणून मोकळी व्हायचे. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. हसा हवं तर.

आमचं घर ग्लासगोपासून बसने पाऊण तासावर. गावात गॅसची लाइन नाही. हे गेल्यावर घरात दोघीच उरलो, मी आणि माझ्या सासूबाई. मुलगी केतकी लेस्टरला नोकरीला. आई अकोल्याकडच्या खेड्यातल्या. दहा वर्षं स्कॉटलंडमध्ये राहून नऊवारी सुटली नाही आणि वऱ्हाडीही नाही. आमचं रोज एकाच गोष्टीवरून वाजायचं — लाउंजची, म्हणजे बसायच्या खोलीची, खिडकी. बाहेर बर्फ पडत असो, नाहीतर वादळ... आई ती सताड उघडायच्या.

"काऊन कोंडून ठेवतं वं घर, सुनबाई? मानसालेबी हवा लागते, अन् चुलीलेबी लागते."

"अहो आई, चूल कुठे आहे इथे? हीटिंग चालू आहे. लावा ती!"

मी लावायची, त्या उघडायच्या. दहा वर्षं!

२००७च्या फेब्रुवारीत आई गेल्या. खोटं कशाला बोलू, पहिला महिना मला बरं वाटलं. मग बरं वाटेनासं झालं. भांडायलाही माणूस लागतं हो घरात. ऑक्टोबरमध्ये थंडी वाढली तशी मी त्या खिडकीला किल्लीने लॉक लावलं आणि किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. पर्स वरच्या मजल्यावर, कपाटात.

त्याच सुमारास लाउंजमध्ये पेलेट स्टोव्ह बसवून घेतला. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या कांड्यांवर चालणारी शेगडीच म्हणा ना. जाळाला हवा लागते आणि आमच्या घराला डबल ग्लेझिंग, हवा शिरायला फट नाही. म्हणून अॅलन नावाच्या फिटरने स्टोव्हजवळच्या भिंतीला आरपार भोक पाडून जाळी बसवली. जाताना बोट नाचवून म्हणाला, "मॅडम, हे कधीही, कधीही बंद करायचं नाही." मी मान डोलावली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही देऊन गेला. तो मी भिंतीला लावीन-लावीन म्हणत पाकिटातच ठेवला.

पण त्या जाळीतून जो गार वारा यायचा, बाई गं! पाय बधिर व्हायचे. आणि वारा आला की आपण मराठी बायका काय करतो? बोळा कोंबतो. आईंचं एक विटलेलं लुगडं होतं, ते टर्रकन फाडलं आणि दिलं भोकात ठासून. मोनॉक्साइड रक्तात गेल्यावर काय होतं ते मी नोकरीत बघितलेलं — आणि तरी! शहाण्यासारखं शिकून गाढवासारखं वागायचं ते असं.

जानेवारीतला रविवार. दोन दिवस डोकं दुखत होतं, मी सर्दी समजले. दुपारी भरीत केलं. वांगं भाजताना धूर झाला म्हणून किचनचा एक्झॉस्ट फुल केला आणि बंद करायचा विसरले. जेवून स्टोव्हसमोर खुर्चीत बसले. जाळ मलूल पिवळा दिसत होता, काच काळी पडलेली. उठून बघावं असं वाटलं... पण हातपायच उचलेनात. म्हटलं, असू दे. बरं वाटत होतं खरं तर. डोळे मिटले.

आणि तोंडावर सपकन गार वारा आला. गारठाच गारठा! माझं डोकंच फिरलं. मी डोळे न उघडताच ओरडले, "अहो आई, किती वेळा सांगायचं? लावा ती खिडकी!"

ओरडले आणि मग लक्षात आलं, आईंना जाऊन अकरा महिने झालेत.

डोळे उघडले. खिडकी सताड उघडी. पडदा फडफडतोय. धडपडत तिथपर्यंत गेले, चौकटीला धरून उभी राहिले, बाहेरच उलटी झाली. चार श्वास घेतल्यावर डोकं चालायला लागलं. एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर ओढत होता, आत यायला वाट नव्हती, म्हणून स्टोव्हच्या धुराड्यातूनच सगळा विषारी गॅस उलटा घरात येत होता. अजून अर्धा तास झोपले असते तर हे लिहायला मी नसते.

किल्ली? संध्याकाळी बघितली. पर्सच्या आतल्या कप्प्यात. चेन लावलेली.

केतकी फोनवर म्हणाली, "मम्मी, तूच उघडली असशील. विसरली असशील, त्या गॅसने मेमरी जाते."

जाते, मला माहीत आहे. पण मग त्या अवस्थेत मी जिना चढले, किल्ली आणली, खिडकी उघडली, परत वर जाऊन किल्ली ठेवली, चेन लावली आणि खाली येऊन झोपले? माझे गुडघे बघितलेत का कुणी?

दुसऱ्या दिवशी अॅलन आला. भोकातून लुगडं ओढून काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मग जाळीपासून थेट स्टोव्हच्या पाठीला स्टीलचा पाइप जोडून दिला. आता जाळ बाहेरची हवा घेतो, खोलीत वारा येत नाही. अलार्मही त्यानेच भिंतीवर ठोकला. "आता अगदी सेफ," म्हणाला.

त्याला तीन हिवाळे झाले. काय घडलं ते मला आजही सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलं तरी मी ऐकेन असं नाही. त्या खिडकीचं लॉक मी काढून टाकलंय. लाउंजमध्ये बसून दोन-तीनदा मोठ्याने म्हणूनही बघितलं — आई, घर कोंडलंय बघा. पण घर कोंडलेलं नसतंच ना आता. धोका नाही, तर कोण कशाला येईल? आता या घरात सगळं माझ्याच मनासारखं होतं. मी लावलं ते लावलेलंच राहतं.