बाजूला बसणाऱ्याचं काम

गाडीत बाजूला बसेल त्यानं उतरून फाटक उघडायचं आणि लावायचं, हा अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळावरचा कायदा. वर्ना स्टाउटच्या गाडीतली ती जागा नवरा ऑरिन गेल्यापासून रिकामीच होती. त्यामुळे दर फाटकाशी ती स्वतःच उतरायची आणि वर ऑरिनच्या नावानं चार शब्द बोलून घ्यायची.

माळ सरकारी. वरचं गवत परवान्यावर वर्नाच्या गाईंना, खालचा गॅस लिलावात कंपनीला. गॅसवर तिचा राग नव्हता. जावई त्याच कामावर होता आणि शाळेचं नवं छप्परही त्याच पैशातलं. पण कंपनीनं गॅसच्या विहिरीसाठी खुणेच्या काठ्या ठोकल्या त्या नेमक्या झऱ्याकाठी. भर उन्हाळ्यात गाईंना पाणी तेवढंच. झरा गेला की गाई विकायच्या, दुसरं काय!

कंपनीचा केल्विन जागा पाहायला आला, तेव्हा तिनं त्याला आपल्याच गाडीत घातलं. पहिल्या फाटकाशी गाडी थांबली. हा फोन बघतोय.

"काय झालं?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"काही नाही. तू कधी उतरतोस ते बघतेय."

फाटकं तारांची. खांब खांद्यानं रेटायचा आणि तारेच्या फासात अडकवायचा. पहिल्याच फाटकानं त्याचं जाकीट फाडलं.

"याला कडी-बिडी काही नाही?"

"आहे की. तू आहेस."

झऱ्याजवळच्या शेवटच्या फाटकाशी त्याचा दम संपला. परत याच वाटेनं यायचंय, असं मनाशी म्हणून त्यानं ते उघडंच टाकलं. गाडी चालवणाऱ्यानं मागे बघायचं नाही, हाही कायदाच; वर्नाला पत्ता नाही.

झऱ्यामागच्या टेकडीवरून दोघं परत आली, तर अख्खा कळप उघड्या फाटकातून झऱ्यावर. काठ्या चिखलात, आणि एक गाय काठीवरची केशरी फीत चघळत उभी.

"सगळ्या इथेच कशा आल्या?"

"पलीकडचं तळं आटत आलंय. दुसरीकडे पाणी आहे कुठे, बाबा?"

वर्नाचं ओरडणं खात केल्विननं संध्याकाळपर्यंत गाई हाकल्या. मोजे पिळत म्हणाला, "विहीर टेकडीमागे घेता येईल. साहेब ओरडतील पण."

"ओरडू देत. आज माझं ओरडणं ऐकलंसच की."

विहीर टेकडीमागे गेली. ट्रकांसाठी फाटकांच्या जागी खड्ड्यांवर लोखंडी नळ्या बसल्या. त्यावरून चाकं जातात, गाई जात नाहीत. उतरायची कटकट गेली म्हणून गावानं वर्नाचं अभिनंदन केलं. तिला मात्र करमेना. झऱ्याजवळचं फाटक तेवढं तिनं काढू दिलं नव्हतं. ते ऑरिननं बांधलेलं.

थंडीच्या तोंडावर केल्विन पुन्हा आला. झऱ्याशी गाडी पुरती थांबायच्या आत तो खाली उतरला, गाडी पलीकडे गेल्यावर फाटक लावलं, दोनदा ओढून पाहिलं. वर्ना नुसती बसून होती. खूप बरं वाटलं तिला, आणि खूप वाईटही.

"किती वेळ लावतोस रे," तो आत बसल्यावर ती म्हणाली. ऑरिनलाही ती रोज हेच म्हणायची.